बफ न मारलेलं घड्याळ

“बफ मारो, रमणभाई. चमकना चाहिए, बस!” अमीनभाईंनी घड्याळ बाबांच्या टेबलावर ठेवलं.

बाबांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. “नहीं मारूँगा.”

मी उडालेच! शाळा सुटली की मी गाला भागातल्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये येते आणि बाबांचं आवरेपर्यंत कोपऱ्यात अभ्यास करते. एकोणीस वर्षं ओमानमध्ये स्विस घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या बाबांच्या तोंडून मॅनेजरसमोर ‘नाही’ मी पहिल्यांदाच ऐकत होते.

घड्याळ होतं १९६४चं. कंपनीच्या जुन्या डिझाइन्सचं प्रदर्शन रविवारी मॉलमध्ये लागणार होतं. त्यासाठी इब्री गावच्या एका ओमानी आजींनी नवऱ्याचं घड्याळ दिलं होतं.

“बाबा, पण ओरखडे आहेत की!” मी कुजबुजले.

“असूदेत. बोट फिरव जरा.”

पट्टा अडकवायच्या चारही पायांवर पात्यासारखी कड होती.

“ही कड म्हणजे त्याचे नाकडोळे. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लागला की झाली वापरलेल्या साबणाची वडी. परत नाय येत ती.”

“स्विट्झर्लंड से साहब लोग आ रहे हैं,” अमीनभाई चिडले. “ये भंगार दिखाऊँ उनको?”

प्रदर्शनाचं इंग्रजी पुस्तक शेजारीच पडलं होतं. बाबांचं इंग्रजी जेमतेम. माझं मराठी अडखळतं, पण इंग्रजी फाडफाड! मी सरळ उभी राहिले, पान उघडलं आणि मोठ्यांदा वाचलं. मग बाबांसाठी मराठीत सांगितलं, “ही कड पेन्सिलीने आखली गेली. पन्नास वर्षांत आम्ही ती केसभरही हलवलेली नाही. असं लिहिलंय, बाबा! कंपनीनेच!”

“बच्चे बीच में नहीं बोलते.”

“मैं कहाँ बोली, अंकल? किताब बोली!”

अमीनभाईंचे कान लाल झाले. “ठीक है. ऐसे ही जाएगा. किसी ने कुछ कहा तो जिम्मेदारी आपकी. और संडे से आप सेल बदलने के काउंटर पर. खलास.”

सेल बदलायचे? माझ्या बाबांनी? मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांचा हात खांद्यावर आला.

“बस गं, विशू. तुझं बोलून झालं. आता मी.”

त्यांनी कामाची चिठ्ठी ओढली. ‘पॉलिश केलेलं नाही,’ असं लिहिलं. खाली छोटी चौकट होती. तिथे कारागीर फक्त आपला नंबर टाकतात. बाबांचा सात.

बाबांनी सात लिहिला नाही. रमण विठोबा कांबळी, असं मराठीत, सावकाश लिहिलं. आडनाव चौकटीबाहेर गेलं, तरी त्यांनी अक्षर बारीक केलं नाही.