उसना फुलबॅक

ब्रॅनिगनचा हात मोडायचा, हे मी जूनमध्येच ठरवलं होतं. उगाच तोंडाची वाफ नाही. कुठला हात, तेसुद्धा ठरलं होतं. डावा. कारण त्यानं ईशानचा डावाच मोडला होता.

तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापार शॉमबर्गमध्ये दिवसभर कोड लिहिणारी दोन मराठी माणसं असल्या भानगडीत पडलीच कशी? ऑफिसातल्या डेक्लनमुळे. डेक्लन आयरिश, त्याची हर्लिंगची टीम, आणि टीमला कायम माणसं कमी. हर्लिंग म्हणजे काय, तर टोकाला चपटी झालेली लाकडी काठी, तिला हर्ली म्हणतात, आणि क्रिकेटच्या बॉलएवढा चामड्याचा बॉल. तो काठीनं हाणायचा, हातानं झेलायचा आणि मध्ये येईल त्याला आडवं करायचं. डोक्याला जाळीचं हेल्मेट असतं. हात मात्र उघडे. मी नागपूरचा, कॉलेजात हॉकी खेळलेला, डोकं जन्मापासून तापलेलं. पहिल्याच दिवशी खांद्यानं एकाला उडवलं आणि मला वाटलं, अबे, इतकी वर्षं आपण होतो कुठे!

ईशान माझा रूममेट. पुण्याचा, शांत, भांडण दिसलं की चहा टाकणारा. त्याला मी ओढून नेलं, पण खेळाडू तो माझ्यापेक्षा भारी निघाला. उंच बॉल आला की दहा काठ्यांमधून त्याचा डावा हात वर जायचा आणि बॉल नेमका त्यात येऊन बसायचा. आम्ही बघत राहायचो.

आमची लीग दुसऱ्या दर्जाची. पहिल्या दर्जाच्या टीम उन्हाळ्यापुरते आयर्लंडहून खेळाडू आणतात. आमच्यात प्लंबर, शाळामास्तर, पोट सुटलेले बँकवाले आणि आम्ही दोघं. म्हणून मार कमी असतो, असं मात्र कुणी समजू नये. ज्याची काठी बॉलला लागत नाही तो ती माणसाला लावतो.

जूनमध्ये ब्रॅनिगनच्या टीमशी मॅच होती. ब्रॅनिगन त्यांचा कॅप्टन. घरांवर छपरं बसवण्याचा धंदा, मान नावाचा अवयव नाहीच, खांद्यावर थेट डोकं. बॉल वरून आला, ईशानचा हात वर गेला, आणि ब्रॅनिगननं हर्ली फिरवली. जो आवाज आला तो लाकडाचा नव्हता. ईशान गुडघ्यावर बसला, आणि त्याची बोटं भलत्याच दिशेला बघत होती. मी ब्रॅनिगनच्या अंगावर गेलो, त्याच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला खाली पाडला, दोन-तीन ठेवून दिल्या. मला रेड कार्ड. त्याला काही नाही! रेफरी म्हणाला, तो बॉलसाठी मारत होता.

“मुद्दाम मारलं साल्यानं,” मी इमर्जन्सीत बसून ईशानला सांगत होतो. “त्याला तुझा हात दिसला होता.”

“जाऊ दे ना यार,” तो म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं.

स्क्रू घातले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, परत तिथंच लागलं तर हात राहील, पण मूठ वळणार नाही. सगळा उन्हाळा मी त्याच्या शर्टाची बटणं लावली आणि दर वेळी ब्रॅनिगनला शिव्या घातल्या. ऑगस्टमध्ये प्लास्टर निघालं, आणि नेमकी फायनल कुणाशी? ब्रॅनिगनशीच. मी खुशीत होतो.

फायनलला आम्ही चौदा जण होतो. खेळतात तेरा. चौदावा ईशान, टीमचा फोटो निघेल म्हणून नुसती जर्सी घालून आलेला. समोर ते बाराच. त्यांच्या फुलबॅकची, म्हणजे गोलपुढे उभं राहून बचाव करणाऱ्याची, फ्लाइट कॅन्सल झाली होती. नियमानं त्यांनी मॅच सोडायची आणि कप आम्हाला. पण आमच्या लीगमध्ये एक रीत आहे. समोर माणूस कमी असेल आणि तुमच्याकडे जास्त असेल, तर द्यायचा. आणि कोण हवा, ते मागणारा सांगतो.

ब्रॅनिगननं माझ्याकडे बोट केलं. “हा द्या. हा मारतो.”

“डोकं फिरलंय का?” मी डेक्लनवर ओरडलो. “मी गेलो तर ईशानला उतरावं लागेल! त्याचा हात माहीत आहे ना तुला?”

डेक्लन ईशानकडे बघायला लागला. आणि ईशान, तो गाढव, आधीच हेल्मेट घालत होता. “जा ना यार. मला खेळायचंय. दोन महिने मी तुझी बडबड ऐकतोय.”

मी त्याची कॉलर धरली. “हात वर करायचा नाही. कळलं? बॉल आला तरी नाही.”

“मग उतरू कशाला?” तो म्हणाला आणि पळाला.

मी त्यांची हिरवी जर्सी चढवली. मनात हिशेब साधा होता. ब्रॅनिगन आता माझ्याच बाजूला उभा राहणार, गर्दीत माझी काठी चुकून त्याच्या हातावर बसली तर कोण काय म्हणणार?

पण मॅच सुरू झाली आणि पहिला दणका मला डेक्लननं दिला. बरगडीत, कोपरानं. दुसरा आमच्या शाळामास्तरानं, नडगीवर. काल ज्यांच्याबरोबर पिझ्झा खाल्ला ते एकेक जण येऊन मला झोडपत होते. “आता तिकडचा झालास ना? घे!” डेक्लन हसत ओरडला. माझं टाळकं सटकलं. पुढच्या बॉलला मी त्याला असा धडकलो की त्याचं हेल्मेट निघून घरंगळत गेलं. मास्तराच्या मांडीवर हर्ली मोडली, दुसरी मागवली. ओठ फुटला होता, तोंडात रक्ताची चव. आणि ब्रॅनिगन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, “शाब्बास, शाब्बास.” त्याचा हात दर मिनिटाला माझ्या काठीच्या टप्प्यात येत होता. खरं सांगतो, मी तो विसरलो होतो. मला फक्त गोल वाचवायचा होता.

ईशान माझ्यासमोरच, गोलवर चाल करणारा त्यांचा फुलफॉरवर्ड. त्यांचा म्हणजे आमचा. तो शहाण्यासारखा खेळत होता, हात खाली ठेवून, बॉल जमिनीवरून उचलून. बिचाऱ्यानं माझं ऐकलं होतं.

शेवटचं मिनिट. आम्ही, म्हणजे हिरवे, एका पॉइंटनं पुढे. डेक्लननं लांबून उंच बॉल टाकला, सरळ आमच्या गोलवर. आम्ही सगळे खाली गोळा झालो, खांद्याला खांदा, शिव्या, घाम. मी दोन्ही हातांनी हर्ली मागे घेतली. आणि बाजूनं एक हात वर गेला. डावा. मनगटापासून बोटांपर्यंत नवीन, गुलाबी टाक्यांची रेघ.

मला ती दिसली. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतो. काठी थांबवायला वेळ होता. मी थांबवली नाही. उलट जोर वाढवला, कारण तो हात बॉलपर्यंत पोचणार होता.

बॉल साठ यार्ड गेला. शिट्टी वाजली. हिरवे सगळे माझ्या अंगावर पडले, ब्रॅनिगननं मला उचललं, आणि मी हसत होतो. अख्ख्या सीझनमध्ये मला इतका आनंद झाला नव्हता. मग गर्दी पांगली आणि खाली ईशान दिसला, हात पोटाशी धरून, गवतात कपाळ टेकलेला.

मी धावलो. “ईशान! अबे, दाखव! दाखव मला!”

त्यानं हात दाखवला नाही. वर बघितलं. “तुला दिसला होता ना?” त्यानं विचारलं. आवाज अगदी हळू.

मी खोटं बोलू शकलो असतो. “हो,” म्हणालो.

डेक्लन कुणाची गाडी जवळ आहे म्हणून ओरडत होता. ब्रॅनिगनचा ट्रक मैदानाला लागूनच होता. त्यानं ईशानला लहान मुलासारखं काखेत हात घालून चालवलं, दार उघडलं, बसवलं, पट्टा लावून दिला. मी मागच्या दारापाशी गेलो आणि हँडलला हात घातला.

“तू नको येऊस,” ईशान मराठीत म्हणाला. मग तोंड फिरवून ब्रॅनिगनला इंग्लिशमध्ये म्हणाला, चल.