रेन आणि आकिओ

मंजुषाबाईंच्या पत्राला तात्यासाहेबांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता आठ महिने होत आले. बावीस वर्षं दोघं एकाच वाचनालयात नोकरीला होते, त्या शेजारच्या टेबलाशी बसायच्या. निवृत्त होऊन लासूर स्टेशनला भावाकडे गेल्या आणि तिथून लिहिलं, "इथं माणसं लई आहेत, पण पुस्तकावर बोलणारं कुणी नाय. तुमची आठवण येते. एकदा याल का?"

तात्यासाहेबांनी कागदामागून कागद फाडले. या वयात एखादा शब्द जास्त झाला तर? वाचताना वाक्य आवडलं की मात्र ते अजून बाईंना सांगायला शेजारी मान वळवत. पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरात त्या जागी आता फ्रिज होता.

त्यांची नात संस्कृती जपानी चित्रकथांची वेडी. तिकडचे चाहते आवडत्या पात्रांची जोडी जुळवून आपल्या मनची गोष्ट काढतात, स्वतःच छापतात. तशी पुस्तिका तिनंही काढली आणि मुखपृष्ठावर रेन आणि आकिओ या तिच्या जोडीची नावं आजोबांकडून लिहून घेतली. वळणदार अक्षर पाहून ती किंचाळलीच.

"आजोबा, जोडी उलटी केली! रेन आधी, मग जोडीची फुली, मग आकिओ!"

"अगं, आ आधी येतो. जन्मभर पुस्तकं तशीच लावलीत."

"ते तुमच्या कपाटात! इथं डावीकडचा तो, जो पुढं पाऊल टाकतो. उजवीकडच्यापाशी तो जातो. उलटी जोडी आवडणारे वाचक वेगळे असतात, त्यांना फसवायचं नसतं."

"आणि हा उजवीकडचा? नुसता बसून राहतो?"

"माझा आकिओ लाजतो. घाबरतो. कागद फाडतो, तुमच्यासारखा. टोपली मीच रिकामी करते ना!"

तात्यासाहेबांचे कान तापले. "मग होतं काय त्याचं?"

"शेवटच्या पानावर 'हो' म्हणतो. पुढं रेनच आला, पण 'हो' आकिओनंच म्हणायला हवं ना? तेवढंही नाय केलं तर कसली जोडी? रेन बिचारा एकटाच."

आपण गप्प बसलो म्हणजे कुणाचं काही बिघडवलं नाही, असंच ते आजवर धरून चालले होते. तिकडे बाईंनी आठ महिने पोस्टमनची वाट पाहिली असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी मुखपृष्ठ पुन्हा लिहून दिलं. मग दुसरा कागद घेतला. "मंजुषाबाई, उशीर झाला, माफ करा. मलाही तुमची आठवण येते. रोज येते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो." 'रोज येते' खोडावं का, या विचारात पाच मिनिटं गेली. तसंच ठेवून त्यांनी पाकीट चिकटवलं आणि चप्पल घालून निघाले.

पत्र पेटीत पडल्याचा आवाज नीट आला नाही, म्हणून त्यांनी फटीत बोटं घालून पाहिलं. पत्र गेलं होतं.