बुधवारची पोटदुखी

शुक्रवारचा शेवटचा तास सुटला की कोमल स्टाफरूमच्या खिडकीशी बसायची आणि आठवीच्या पालकांच्या ग्रुपवर इतिहासाचं पत्रक टाकायची. या आठवड्यात काय शिकवलं, पुढच्या आठवड्यात काय आहे, मुलांनी काय आणायचं. फतेगंजातल्या त्या शाळेत लागल्यापासून सहा वर्षांत तिचा एक शुक्रवार चुकला नव्हता. बाकीच्या शिक्षिका हसायच्या, म्हणायच्या, तुलाच त्या सनावळ्यांची एवढी हौस! पालकांना अंधारात ठेवून इतिहास शिकवता येत नाही, असं कोमलचं उत्तर ठरलेलं असे आणि त्या उत्तराचा तिला थोडा अभिमानही होता.

त्या शुक्रवारी तिनं लिहिलं: "समाजसुधारणेचा धडा पूर्ण झाला. येत्या बुधवारी तिसऱ्या तासाला आपल्या अवंतीचे आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर नारायणकाका, वर्गात येतील. गावच्या शाळेत जातीमुळे त्यांना वर्गाबाहेर बसवत असत. ते दिवस ते स्वतः सांगतील. प्रत्येकानं एक प्रश्न लिहून आणावा."

ही कल्पना अवंतीचीच. "टीचर, आजोबांचं नाव लिहा हं. फिटर होते ते पण लिहा," असं तिनं दोनदा बजावलं होतं.

संध्याकाळी प्रतापसिंहरावांचा फोन आला. हे विहंगचे वडील. गोत्रीच्या श्रीमंत वस्तीत बंगला, शाळेच्या समितीत वजन आणि दिवाणखान्यात काचेच्या पेटीत पणजोबांची तलवार.

"केम छो बेन? मजामां? एक वात करायची होती, वाईट नका वाटून घेऊ. आमच्यात तसलं काही नाही हं. आमचा ड्रायव्हर त्यांच्यातलाच आहे. पण पोरांच्या डोक्यात हे जुनं कशाला भरायचं? झालं गेलं गंगेला मिळालं."

"साहेब, विहंग मागच्या महिन्यात वर्गात तुमच्या तलवारीवर वीस मिनिटं बोलला. तेही जुनंच होतं ना?"

"ते वेगळं, बेन. तो इतिहास आहे."

बुधवारी सकाळी सातपासून मोबाइल वाजू लागला. विहंगच्या पोटात दुखतंय. अनिशच्या पोटात दुखतंय. एकामागून एक बत्तीस पोटं दुखली. मितालीच्या आईनं आलेला मेसेज तसाच पुढे ढकलला होता, त्यात मुलीचं नाव बदलायचीही तसदी घेतली नव्हती: "विहंगच्या पोटात दुखतंय, आज येणार नाही." लाज सोडावी ती किती! खोटं बोलायलासुद्धा या लोकांना स्वतःचे दोन शब्द जड झाले होते. आणि वार, वेळ, तास, माणूस, सगळं त्यांना कळवलं होतं कोमलच्याच पत्रकानं.

एकेचाळीस मुलांच्या वर्गात नऊजण बसले होते. नारायणकाका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. रिकाम्या बाकांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली.

"आम्हाला सतरंजी नव्हती," ते सांगू लागले. "मी घरून गोणपाट न्यायचो, दाराबाहेर अंथरायचो, संध्याकाळी परत आणायचो. मास्तर तसे वाईट नव्हते. गणित चुकलं तर छडी लांबून फेकायचे. मारायचं तर होतं, पण हात लागायला नको."

एका मुलीनं विचारलं, "मग छडी परत कोण द्यायचं?"

"मीच उचलून उंबऱ्यावर ठेवायचो. ते तिच्यावर पाणी शिंपडून घ्यायचे."

अवंती मान ताठ ठेवून पहिल्या बाकावर बसली होती.

तास संपल्यावर मुख्याध्यापक विश्वंभर सरांच्या खोलीत चहा आला. सरांना आणि कोमलला चिनी मातीचे कप, नारायणकाकांना कागदाचा. मागच्याच महिन्यात विहंगच्या भाषणासाठी प्रतापसिंहराव तलवार घेऊन आले होते, तेव्हा कपाखाली बशीसुद्धा होती. काकांनी चहा संपवला, कप नीट घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बाहेर डबा असेल, टाकतो."

कोमलनं चहा आणणाऱ्या शिपायाला दाराबाहेर गाठलं, तर तो खाली बघत म्हणाला, "सरांनी सांगितलं, बेन. मी काय करू?"

जिन्याखाली अवंती उभी होती. "टीचर, नाव लिहा म्हणून मी सांगितलं नसतं, तर सगळे आले असते ना?"

कोमलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात आपल्यालाच खोटा वाटतोय, हेही तिला कळलं, कारण तिला स्वतःच्या घरातला कप आठवला होता.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीमागे, कान तुटलेला एक कप पालथा असायचा. तो भांडी-फरशीला येणाऱ्या विमलमावशींचा. सासूबाईंनी ठेवलेला. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून कोमल त्याच कपात मावशींना चहा ओतत आली होती. सकाळी चहा ओतून वर्गात जाऊन समाजसुधारणा शिकवायची! दुसऱ्याच्या घरची घाण तिला लांबून दिसली आणि स्वतःच्या खिडकीतली सहा वर्षं दिसली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिनं विमलमावशींसमोर फुलांचा कप ठेवला. मावशी मागे सरल्या.

"राहू दे ताई. मग तुमच्या सासूबाई तोच कप मला दोनदा घासायला लावतील."

"काय चाललंय ग?" सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, देवघरातून आल्या. "अगं, तो पाहुण्यांचा कप आहे."

"हो आई, म्हणूनच." कोमलनं खिडकीतला कान तुटलेला कप घेतला, विसळला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि ती सासूबाईंसमोर उभ्याउभ्या प्यायली. विमलमावशींनी फुलांचा कप दोन्ही हातांनी धरला होता, पण प्यायल्या त्या सासूबाई आत गेल्यावरच.

शाळेत विश्वंभर सरांनी या आठवड्याच्या पत्रकाचा मजकूर तयारच ठेवला होता. "लिहा, व्याख्यान उत्साहात पार पडलं, विद्यार्थ्यांनी लाभ घेतला. तुम्ही अजून कायम झालेल्या नाही, कोमलबेन. समितीपुढे तुमचाच कागद आहे."

"हो सर, माहीत आहे."

तिनं आधी नारायणकाकांना फोन लावला आणि पुन्हा याल का, असं चाचरत विचारलं.

"नऊ पोरं होती ना?" काका म्हणाले. "आमच्या वेळी माझ्या गोणपाटाजवळ एकही बसलं नव्हतं. येतो की."

मग तिनं पत्रक लिहिलं. सरांना न दाखवता ग्रुपवर टाकलं.

"नमस्कार पालकहो. बुधवारी एकेचाळीसपैकी नऊ मुलं हजर होती. बत्तीस मुलांच्या पोटात एकाच सकाळी दुखलं. जे हजर होते ते शिकले, की मास्तर छडी फेकून मारत आणि तिच्यावर पाणी शिंपडून परत घेत. त्याच दिवशी आपल्या शाळेत पाहुण्याला कागदाच्या कपात चहा दिला गेला, आम्हाला चिनी मातीच्या. मी समोर बसून माझा चहा प्यायले. माझ्या घरीही कामवाल्या मावशींसाठी खिडकीत वेगळा कप होता, सहा वर्षं. आज काढला.

गृहपाठ: आपापल्या स्वयंपाकघरात असा कप आहे का, हे मुलांनी पाहावं.

येत्या बुधवारी, तिसऱ्या तासाला, नारायणकाका पुन्हा येणार आहेत. मुलाला पाठवायचं नसेल तर पोटदुखी लिहू नका. खरं कारण लिहा आणि खाली सही करा."