तिघांचं गाऱ्हाणं

चंदनने दोन्ही गुडघे आणखी डावीकडे वळवले, तेव्हा कुठे विनीतला टेंपोचा गिअर टाकता आला. डावीकडे गुरुदास होता आणि त्याच्या मांडीवर पेढ्यांचा खोका, त्यामुळे तिकडेही गुडघ्यांना फारशी जागा नव्हती. तिघेही पस्तिशी उलटलेले, अंगाने भरलेले, आणि केबिन जेमतेम दोघांची. एरवी हा टेंपो मालवणच्या जेटीवरून मासळी वाहायचा. आज विनीतने तो साबण लावून धुतला होता, पुढे उदबत्ती खोचली होती. आता उदबत्तीलाही बांगड्याचा वास येत होता.

"चेडू बगूक जातव की बर्फ टाकूक?" चंदन म्हणाला. त्याच्यासाठी मुलगी बघायला निघाले होते.

"गप रव. नवऱ्यान जास्त बोलूचा नसता," गुरुदास म्हणाला.

चंदनला लग्नाची घाई कधीच नव्हती. दिवसभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करावीत, रात्री आईच्या हातचं माशाचं सार ओरपावं, यात तो सुखी होता. पण गेल्या वर्षी जत्रेत आईने हट्टच धरला आणि गावचे मानकरी गणपतकाका त्याच्यासाठी देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"ह्या लेकराचा लगीन जुळान येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात जमलेला सगळा गाव ओरडला.

तिथेच थांबायचं की नाही? पण गुरुदासच्या अंगात मैत्री संचारली. तो पुढे झाला आणि त्याच सुरात म्हणाला, "आनी तेचा झाल्याबिगर मी आनी विनीत बाशिंग बांधूचे नाय रे म्हाराजा!"

गावाचं तोंड उघडंच होतं. "व्हय म्हाराजा!"

मागाहून तिघे गणपतकाकांच्या पाया पडायला गेले, काही सूट मिळते का बघायला. काका पानाला चुना लावत म्हणाले, "देवाक सांगलास ता सांगलास. आता मागे घेवची सोय नाय."

गुरुदासचं काहीच अडलं नाही, त्याला तसंही कोणी मुलगी देत नव्हतं. अडलं ते विनीतचं. बालवाडीत शिकवणारी तन्वी कधीपासून त्याच्यासाठी थांबली होती आणि आता तिच्या घरचे ऐकेनात. बाजारात भेटली की ती चंदनला काही विचारायची नाही, नुसती आशेने बघायची, आणि चंदन मासे न घेताच घरी परतायचा. आपल्यापायी दुसऱ्याचा संसार खोळंबलाय, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हतं. वर्षभरात तीन मुली बघून झाल्या होत्या, एकही जमली नव्हती. म्हणून आज त्याने मनाशी पक्कं केलं होतं, समोर कोण का येईना, होय म्हणायचं. आपण अडकलो तर अडकलो, बाकीचे तरी सुटतील.

मुलीचं घर वैभववाडीच्या अलीकडे होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा, शंकरमामा, जुन्या वळणाचे असूनही समजूतदार निघाले. "तुमी दोगांनी परड्यात जावन बोला," ते म्हणाले.

घरामागच्या परड्यात काळ्या पिशव्यांतून काजूची रोपं रांगेने मांडली होती. मुलीच्या, सुगंधाच्या, नखांत माती तशीच होती.

"ही कलमां मी बांदतंय," ती म्हणाली. "लगीन झाला तरी सोडूचंय नाय. आदीच सांगतंय."

"चलात."

"माझा वय माहीत आसा?"

"नाय. पण चलात."

"सगळाच चलात? बैल घेवक इलेलो माणूससुदा दात बगता."

चंदनला खोटं बोलणं कधी साधलं नव्हतं. त्याने गाऱ्हाण्यापासून तन्वीपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि आता ही चिडणार म्हणून मान खाली घातली. सुगंधा विहिरीच्या कठड्यावर बसून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चंदनलाही मग हसू आलं, आणि वर्षभर छातीवर बसलेलं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं.

"ह्याच्या आदी बगलंस त्या पोरींत काय खोट होती?" डोळे पुसत तिने विचारलं.

"एकीचा घर लांब होता. एक जोरान बोलता. एकीचो थोरलो भाव तापट."

"ह्या तुका दिसला?"

"नाय. परतताना गाडीत विनीत सांगता."

"सगळ्या टायमाक विनीतच?"

चंदन बोटांवर एकेक मुलगी मोजू लागला. गुरुदासला प्रत्येक मुलगी आवडली होती. खोट काढायचा तो विनीत, ज्याला सगळ्यात जास्त घाई असायला हवी होती तो.

सुगंधाने हात झटकले. "तुझ्या होयान कोण सुटाचो नाय. तेका सुटूचाच नाय आसा. जा तू. मामाक मी सांगतंय, माका पसंत नाय म्हणान. तुझ्यार बोल येवचो नाय."

खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो टेंपोत जाऊन पुन्हा दोघांच्या मधे बसला.

विनीतने टेंपो चालू केला. "चेडू बरा आसा रे. पण हसता जरा जास्तच."

"विनीत," चंदन म्हणाला, "तुका तन्वीशी लगीन करूचा नाय काय?"

गुरुदासने पेढा तोंडात टाकला होता, तो चावायचा राहिला. विनीतने इंजिन बंद केलं.

"करूचा नाय असा नाय रे," तो म्हणाला. "भय वाटता. आता तिगांचा बरा चललाहा. मगे तुमी खंय नि मी खंय?"

चंदनला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही दाटून आली. "ता तिका सांग. आजच्या आज. ती देवाक दोष देत बसलीहा." मग तो गुरुदासकडे वळला. "उतर. माका भायर येवचा आसा."

"खंय जातंस?"

"उतर म्हटलंय मा!"

सुगंधा कलमांना पाणी घालत होती. पावलं ऐकून तिने वर पाहिलं.

"मामांक सांगलंस?" चंदनने धापा टाकत विचारलं.

"अजून नाय."

"सांगू नको. माका होय म्हणूचा आसा."

"आता कोणाक सोडवूक?"

"कोणाक नाय," तो म्हणाला. "तू हसलंस तेवा माका बरा वाटला."

या वेळी ती हसली नाही. झारी खाली ठेवून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझा होय मामाक नंतर सांग," ती म्हणाली. "आदी माका इचार."

रस्त्यावर विनीतने हॉर्न वाजवला. चंदनने तिकडे वळूनही पाहिलं नाही. त्याने तिला विचारलं.