झडतीवाली शालूबाई

नवीन यंत्राची बातमी पेपरात येते तेव्हा ती नेहमी यंत्राच्या बाजूची असते. अमुक गावी अमुक यंत्र आलं आणि त्यापायी तमुक बाई घरी बसली, असं छापलेलं मी तरी कधी वाचलं नाही. फोटोत यंत्राला हार घातलेला असतो, शेजारी शेट उभा असतो, आणि कालपर्यंत त्याच जागी बसून राबलेल्या बायांचा पत्ता नसतो. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर पेपरात 'आता कापूस भरवण्यास माणूस नको' असा मथळा दिसला, तेव्हा मी तो पेपर घडी करून बसायच्या गादीखाली सारला. रोज जेवणाच्या सुट्टीत मी बायांना बातम्या वाचून दाखवायचो. त्या दिवशी पेपर आलाच नाही म्हणून सांगितलं.

मी तेव्हा शेगावजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत हजेरीबाबू होतो. नवं राज्य होऊन तीनचार वर्षं झाली होती आणि जो तो प्रगतीबद्दल बोलत होता. आमच्याकडे रेचे होते, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून नुसती रुई देणारी यंत्रं. एकेका रेच्यासमोर एकेक बाई बसायची आणि हट्टी पोराला घास भरवावा तसा दिवसभर त्याला मुठीमुठीनं कापूस भरवायची. शेडमध्ये रुईची इतकी धूळ उडे की संध्याकाळी तरण्या बायासुद्धा पांढऱ्या केसांनी बाहेर पडत. ही अंगावरची रुईही फाटकाच्या आतच झटकायची, असा नियम होता, कारण ती शेटची. मग एकेकीनं गोणपाटाच्या पडद्याआड जायचं आणि तिथे बसलेल्या बाईला झडती द्यायची. त्या पडद्याला लागूनच माझी खिडकी होती.

पेपर लपवून उपयोग काही झाला नाही. दोनच दिवसांनी मॅनेजर उत्तमरावांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. उत्तमराव मूळचे बुलढाण्याचे, मुंबईला एका गिरणीत काही वर्षं काढून आलेले, आणि तिथून एक भाषण पाठ करून आलेले. आपण सगळे एका घरातली माणसं आहोत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मी घरं पुष्कळ पाहिली आहेत. घरातल्या माणसांची रोज संध्याकाळी झडती घेणारं घर मला अजून दिसायचं आहे. पुढे त्यांनी सांगितलं की नवे रेचे येत आहेत, ते आपला कापूस आपणच ओढून घेतात, तेव्हा सगळ्या बाया लागणार नाहीत, निम्म्याच राहतील. कोण राहणार ते काम आणि इमान पाहून ठरेल. कामाचं कळलं. इमान कशानं मोजणार, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

झडती घेणारी म्हातारी त्याच सुमारास वारली होती, तेव्हा ती जागा रिकामी होती. ती जागा शालूबाईला मिळाली. शालूबाईचं वय फार नव्हतं, पण रुईनं तिची छाती धरली होती. खोकला आला की तिला रेचा सोडून भिंतीला टेकावं लागे. अजून एक हंगाम शेडमध्ये काढला असता तर ती अंथरूणच धरती. तिच्यासाठी उत्तमरावांकडे शब्द टाकला तो वच्छलाबाईनं. दोघी एकाच गल्लीत राहणाऱ्या, सकाळी बरोबर येणाऱ्या, एका फडक्यातली भाकर खाणाऱ्या. जिनात शालूबाईला आणलंही वच्छलाबाईनंच होतं. खरं तर ती जागा वच्छलाबाईला सहज मिळती आणि तिची नोकरीही पक्की झाली असती, पण तिनं ती मैत्रिणीला दिली. हे माझ्या खिडकीसमोर झालं, म्हणून मला माहीत.

पहिल्या दिवशी उत्तमराव शालूबाईला कामाची समज द्यायला माझ्या खोलीत घेऊन आले. कंबर पाहायची, ओटी पाहायची, डबा उघडून पाहायचा, ओळखदेख बाजूला ठेवायची. आणि जाता जाता हसत म्हणाले, "मी कधीमधी एखादीजवळ मुद्दाम रुई देऊन पाठवीन बरं का. तू पकडतेस का सोडतेस, ते पाहायला. सोडलीस तर तू परत शेडमध्ये."

ते गेल्यावर शालूबाई कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत बसली. मी तिला म्हटलं, बाई, हे नुसतं धाक घालणं आहे, कोणाला पाठवत बसायला त्यांना वेळ कुठे आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी बी त्यायच्याच खोलीत बसता ना बाबूजी." मला राग आला. राग अशासाठी आला की तिचं म्हणणं चूक नव्हतं.

त्या दिवसापासून तिचे डोळेच बदलले. कोणी हसत समोर आली की ही का हसली, कोणी गप्प आली की ही का गप्प. कोणाला उत्तमरावांनी शेडमध्ये दोन शब्द जास्त विचारले की ती त्या बाईची झडती दोनदा घ्यायची. रात्री झोप लागत नाही म्हणायची. खोकला मात्र कमी झाला होता, एवढं खरं.

तिकडे बायांचं डोकंही फिरलं होतं. निम्म्या जाणार, निम्म्या राहणार, आणि उत्तमरावांना बातमी कोण देतं? फाटकावर बसते तीच ना? केसरबाई म्हणून एक जुनी बाई होती, तोंडानं फटकळ. ती उघड म्हणायची की शालूबाईला तिथे झडतीसाठी नाही, चोर तयार करायला बसवलंय. चोर ठरवून काढलं की शेटला काही द्यावं लागत नाही, नाही तर इतक्या बायांना एकदम घरी पाठवणं सोपं नाही. ही गोष्ट मलाही पटण्यासारखी वाटत होती, आणि उत्तमरावांच्या मनात तेच होतं की काय, हे मला आजही सांगता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत शालूबाई लिंबाखाली आली की बोलणं थांबायचं. मग तिनं तिथे येणंच सोडलं. ती एकटीच पडद्यामागे भाकर खायची आणि वच्छलाबाई अर्धी भाकर इकडे, अर्धी तिकडे अशी दोन्हीकडे जाऊन बसायची.

मी पुन्हा पेपर वाचायला लागलो होतो, पण कोणाचं लक्ष नसे. एक दिवस बातमी आली की अशाच एका जिनात नवे रेचे लागले आणि कामगारांनी आनंदानं पेढे वाटले. केसरबाईनं विचारलं, पेढे वाटले ते राहिलेल्यांनी का गेलेल्यांनी. ते काही पेपरात नव्हतं.

त्याच दुपारी भांडण झालं. ते मला केसरबाईनंच मागून सांगितलं. आदल्या संध्याकाळी शालूबाईनं सरवरी नावाच्या पोरसवदा बाईचा अंबाडा सोडायला लावून त्यातली रुई झटकली होती, आणि त्यावरून सगळ्या पेटल्या होत्या. केसरबाई म्हणाली, ती आता साहेबाची झाली, आपली राहिली नाही. वच्छलाबाईनं ते ऐकून घेतलं नाही. शालू माझी आहे, धाकानं करते ते करते, पण वेळ आली तर ती आपल्या बाजूनं उभी राहील, असं ती म्हणाली. केसरबाई म्हणाली, मग दाखव. वच्छलाबाई म्हणाली, दाखवते. तिनं तिथेच रेच्याखालची मूठभर रुई उचलली, तिचा गोळा करून कमरेला खोचला आणि सांगितलं, "आज संध्याकाळी पाहा. तिचा हात माह्या कमरेले लागन, अन् ती मले गुपचूप सोडून देईन. मंग तुमचं तोंड बंद."

उभ्या जन्मात तिनं देवाच्या वातीपुरतीसुद्धा रुई घरी नेली नव्हती. जिनात तिच्याइतकी स्वच्छ हाताची बाई नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त शालूबाईला ठाऊक होतं.

संध्याकाळी भोंगा झाला. बाया अंग झटकून रांगेत लागल्या. एरवी वच्छलाबाई मागे राहायची, त्या दिवशी ती पहिली होती. तिच्यामागे केसरबाई, आणि बाकीच्या सगळ्या कोणी काही न बोलता उभ्या. उत्तमराव नेहमीप्रमाणे ऑफिसच्या ओसरीवर येऊन थांबले होते. मला या पैजेतलं तेव्हा काही माहीत नव्हतं. इतकी शांतता कशाची, एवढंच मनात आलं.

वच्छलाबाई पडद्याआड गेली. बांगड्या वाजल्या. मग काहीच ऐकू येईना. मी लेखणी खाली ठेवली.

शालूबाई बाहेर आली ती रुईचा गोळा हातात धरून, आणि ती हसत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. ओझं उतरल्यासारखी ती ओसरीपाशी गेली आणि गोळा पुढे करून म्हणाली, "घ्या साहेब. पकडली तुमची परीक्षा."

उत्तमरावांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, कसली परीक्षा.

"तुमीच तं वच्छलाले धाडलं ना? पाहाले, का मी सोडते का पकडते."

"मी?" उत्तमराव म्हणाले. "मी तर अजून कोणालाच पाठवलं नाही."

शालूबाईचं हसू तिथेच राहिलं. आपण काय केलं हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला, आणि तो वेळ आम्ही सगळ्यांनी पाहिला. देव करो आणि तसं कोणाला पाहावं न लागो.

मग केसरबाई रांगेतून पुढे झाली. एरवीची फटकळ बाई, पण तिनं हात जोडले. ही पैज होती साहेब, मीच तिला डिवचलं, तिनं चोरी केली नाही, असं ती सांगत राहिली. मीही खिडकी सोडून बाहेर आलो आणि म्हणालो की या बाईच्या नावावर आजवर काही नाही, मी लिहून देतो. शालूबाई तर उत्तमरावांच्या पायाशी बसली आणि माझं चुकलं, तो गोळा माझाच समजा, असं म्हणू लागली. उत्तमरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पकडलेला प्रत्येक माणूस असंच काही सांगतो, म्हणाले. आणि एकीला सोडलं तर उद्या सगळ्या पैजच लावतील. वच्छलाबाईनं उद्यापासून येऊ नये. शालूबाईनं काम चोख केलं, तिची जागा कायम. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आताही होत नाही. मी तोंडावर बोललो की हा अन्याय आहे. ते म्हणाले, बाबू, हजेरी पाहा.

 या सगळ्यात वच्छलाबाई पडद्यापाशीच उभी होती. शालूबाई उठून तिच्याकडे गेली, तिचा हात धरायला लागली, तिनं तो मागे घेतला.

"मले ठाऊक हाये माय, तू चोरी नाई करत," शालूबाई रडत म्हणाली. "दुसऱ्या कोनाजवळ सापडली असती तं म्या चोरी समजली असती. तुह्याजवळ सापडली म्हनून तं वाटलं का साहेबानंच धाडलं."

"म्हंजे तुले वाटलं का मी त्याची मानूस झाली," वच्छलाबाई म्हणाली.

शालूबाईनं तोंडावर पदर घेतला.

"रोज अर्धी भाकर तुह्यापाशी येऊन खाल्ली मी. तेव्हा बी हेच वाटत होतं?"

शालूबाईनं पुन्हा तिचा हात धरायला पाहिलं.

"चोर समजली असतीस तं बरं झालं असतं, शालू," वच्छलाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. भाकरीचं फडकं उचललं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फाटकातून निघून गेली. रोज दोघी मिळून जात त्या रस्त्यानं ती एकटी गेली.

 उत्तमराव ओसरीवरून म्हणाले, चला, पुढची घ्या, अंधार पडतोय. रांगेत पुढे केसरबाई होती. ती पडद्याआड गेलीच नाही. आमच्या सगळ्यांच्या देखत शालूबाईसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं आपणहून दोन्ही हात वर केले. शालूबाईनं एकदा उत्तमरावांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि तिच्या कमरेची झडती घेऊ लागली.