बेंबळीची खुर्ची

आमच्या ह्यांना माणसं तोंडावरून ओळखू येत नाहीत, चालीवरून येतात. लग्नात माझ्या आत्याची ओळख करून दिली, तर नमस्कार करायच्या आधी म्हणाले, "डावा खुबा दुखतो का हो?" आत्या वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. हे म्हणजे डॉक्टर अंबादास, तुळजापूरच्या मास्तरांचे चिरंजीव. हैदराबादला डॉक्टरी केली, मग विलायतेत दोन वर्षं हाडांचं शिक्षण. परत आल्यावर मुंबईत बिऱ्हाड करतील असं माझ्या माहेरी सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ते आले उस्मानाबादेला, आणि मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले.

आपल्याकडं म्हातारं माणूस पडून खुब्यात मोडलं, की ते बाजेला खिळायचं आणि वर्षभरात जायचं. विलायतेत मात्र मोडलेलं हाड काढून तिथं दांडीचा पोलादी गोळा बसवत. ह्यांनी तसे गोळे मुंबईहून मागवले आणि चार वर्षांत एकोणीस जणांना बसवले. बसवणं सोपं, तो टिकतो का हे बघणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर सहा महिन्यांनी आधी कार्ड टाकून ते एकेकाच्या गावी जायचे. कधी एस.टी., कधी बैलगाडी, कधी नुसते पाय. चालवून बघायचे, मोजायचे, चिठोऱ्यांवर टिपून आणायचे. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, तेव्हा ते सगळं सुवाच्य उतरवणं माझ्याकडं.

रुग्णाला नियम एकच. खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, खुर्चीवरच बसायचं. पाय फार दुमडला की गोळा निखळायची भीती. आणि ह्यांच्या निबंधाचं सारही तेच होतं, की आमची खेड्यातली माणसं नियम पाळतात म्हणून गोळे टिकले. डिसेंबरात मुंबईला मोठ्या डॉक्टरांसमोर तो वाचायचा होता. विलायतेहून आल्यापासूनची सगळी उमेद त्या बावीस पानांत होती.

"खेड्यात खुर्ची असते कुणाकडं?" मी एकदा विचारलं.

"घेतात लोक. जिवावर बेतलं की घेतात. बेंबळीच्या धुरपदाबाई बघ, माझ्या पहिल्या रुग्ण. जाईन तेव्हा खुर्चीवर ताठ बसलेल्या असतात."

मी आणखी दोनदा शंका काढली. पालथ्या घड्यावर पाणी.

नोव्हेंबर उजाडला आणि ह्यांच्या डोक्यात आलं, निबंधाला धुरपदाबाईंचा खुर्चीवरचा फोटो पाहिजे. कॅमेरा उसना आणला. कार्ड टाकायला वेळ नव्हता. रविवार होता, म्हणून मीही निघाले. सकाळच्या एस.टी.नं बेंबळीत उतरलो. घर विचारायचं कारण नव्हतं, हे डोळे मिटून गेले असते.

दार उघडंच होतं. परसात चुलवणावर पाणी तापत होतं. न्हाणीच्या दगडावर एवढासा पाट, पाटावर धुरपदाबाई. पाय लांब पसरलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, आणि पायांच्या खोबणीत चारपाच महिन्यांची उघडी नात. बाई पार वाकून तिच्या छातीला तेल चोळत होत्या आणि तिच्याशी काहीतरी बोलत होत्या. पोरगी हुंकार देत होती.

हे जागच्या जागी थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

धुरपदाबाईंनी मान वर केली. तेलाचा हात तसाच हवेत राहिला. पोर पायावर, उठता येईना. मग त्या घाईघाईनं सुनेला म्हणाल्या, "अगं विमल, डाक्टरसाब आले. पळ, गुरुजीकडनं खुर्ची घिऊन ये."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पण विमल तोवर निघून गेली होती. आम्ही तिघं तसेच उभे, म्हणजे दोघं उभे आणि एक बसलेल्या. थोड्या वेळानं शाळेचे ईरण्णा गुरुजी डोक्यावर खुर्ची घेऊन धापा टाकत आले, मागोमाग विमल. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव होतं, खाली 'नग ३'. आठ वेळा ह्यांनी ती खुर्ची पाहिली होती. पण हे खुबा बघत होते, खुर्ची कशाला बघतील?

गुरुजींनी परसातला देखावा पाहिला आणि खुर्ची हळूच भिंतीशी ठेवली. "तुमचं कार्ड आलं की एक दिस म्या उभ्यानं शिकवतो, साब," ते ओशाळून म्हणाले. पितळ उघडं पडलं होतं, आता झाकून उपयोग नव्हता.

"किती दिवस चाललंय हे?" ह्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"थोरला नातू झाला तवापासनं. तीन वरसं झाली." धुरपदाबाईंचा एक हात पोरीच्या पोटावर होता. "त्याच्या वक्ताला तुमी सांगितलं तसं म्या बाजंवर बसून हुते. शेजारची बाई न्हाऊ घालायची. तिचा हात लई कडक. पोरगं रडून काळंनिळं व्हायचं. चार दिस बघितलं. पाचव्या दिशी उतरले खाली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी खुर्ची बघून लई खुश व्हायचा, साब. एवढ्या लांबनं येता. आपुन कशाला वाईट वाटू द्यावं?"

मला हसू येत होतं आणि रडूही. एकोणीस घरांमध्ये कुणाकुणाच्या खुर्च्या डोक्यावरून आल्या असतील, हे माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. ह्यांनाही दिसत असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले की ते असंच करतात. आता बरसणार म्हणून मी एक पाऊल पुढं झाले.

पण आधी बाईच बोलल्या. "रागवा. म्या खोटं वागले. पर पोरीला पायावर घिऊ नको, एवढं म्हणू नका. न्हाय तर पाय कशाला दिला मला?"

हे तिथंच, ओल्या दगडाशेजारी, नव्या पाटलोणीसकट उकिडवे बसले. बाईंच्या खुब्यावर हात ठेवला. "तुम्ही पोरीचं थांबवू नका, तिला गार वाटेल," म्हणाले. बाई पुन्हा वाकल्या, तेल चोळू लागल्या. हे हाताखाली सांधा फिरताना बघत राहिले. मग खिशातून कोन मोजायची पत्र्याची पट्टी काढली, मापं सांगत गेले आणि मी टिपत गेले. पाय इतका दुमडतो हे त्यांच्या बावीस पानांत कुठंच नव्हतं.

"दुखतं?"

"उठताना वाईच. बसल्यावर न्हाय."

"शेवटची पानं काढून टाक," हे माझ्याकडं न बघता म्हणाले. "सगळ्यांकडं पुन्हा जायचं. कार्ड न टाकता."

"आणि मुंबई?"

"यंदा नाही."

चार वर्षांचं काम न्हाणीत वाहून गेलं होतं आणि ते मला त्यांनी रेशनची यादी सांगावी तसं सांगितलं. मग धुरपदाबाईंकडं वळले. "बाई, चूक तुमची नाही. हा गोळा ज्यांनी घडवला, ती माणसं खाली बसतच नाहीत. त्यांची पोरं टबात न्हातात. इथं बसेल, उठेल असा सांधा कसा करायचा ते शोधणं माझं काम. ते सोडून मी तुम्हाला खुर्ची सांगत बसलो."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मोठ्या गावात न राहिल्याचा, रविवार चिठोऱ्यांत घालवल्याचा राग मी अधूनमधून काढायची. त्या दिवशी त्या ओल्या पाटलोणीतला माणूस मला फार आवडला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, इथं सांगते.

विमलनं गार पाणी घालून बादली विसणली. धुरपदाबाईंनी कोपर बुडवून पाहिलं आणि विचारलं, "खरं सांगा साब. अशीच बसत ऱ्हायले तर किती दिस टिकंल?"

"ठाऊक नाही."

रुग्णाला असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"ही चालाय लागंपतूर?"

ह्यांचा हात अजून खुब्यावरच होता. "तोवर निखळला, तर पुन्हा बसवीन," ते म्हणाले. "जितक्या वेळा निखळेल तितक्या वेळा."

"मग बास," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी नातीला पायावर पालथं घातलं आणि तिच्या पाठीवर पाणी सोडलं.