आरपारबाबा आणि बेकरीवाल्या काकांचा कणा

"कुणी बोलू नका! बोललं की मणका लाजतो!" आरपारबाबांचा चेला ओरडला आणि बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये जमलेली सगळी गल्ली चिडीचूप झाली.

रोगी पांढऱ्या पडद्याआड जायचा. बाबा गर्जायचे, "उघड, देहा, उघड!" दिवा लागायचा आणि पडद्यावर कणा उमटायचा, वाकडातिकडा. बाबा फुंकर घालायचे. अंधार. पुन्हा दिवा, आणि कणा सरळ! मग दोन चेले रोग्याला काखेत धरून गोणीसारखं गदागदा हलवायचे. म्हणे मणके जागेवर बसतात.

पुढच्या रांगेत माझी मावशी होती. तिची पाठ सतत दुखायची, उंचीही घटली होती. तिला ते कबूल नव्हतं. सुताराने स्वयंपाकघरातली फळी गुपचूप वर चढवली, असं म्हणून ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती. तिला आवरायला मी आणि ताई मागोमाग आलो होतो. ताई इस्पितळात एक्स-रे, स्कॅन तपासणारी डॉक्टर.

"मावशी, असं हलवलं तर मणका मोडेल गं."

"गप्प बस. तुझ्या मशीनला महिनाभर नंबर लागत नाही. बाबांना बसल्या जागी दिसतं."

मावशीच्या आधी बेकरीवाले काका पडद्याआड गेले. झुपकेदार मिशा, पिंपासारखं पोट. दिवा लागला. ताईने चित्राकडे टक लावून पाहिलं आणि ती खो-खो हसत सुटली.

"काका, तुम्ही तांबी कधी बसवलीत?"

मागच्या बायका पुढे सरसावल्या. "अगं बाई, खरंच! ती बघ, कण्याच्या खाली!"

"काय आहे माझ्या पोटात?" पडद्याआडून काका घाबरून ओरडले.

"मूल राहू नये म्हणून बायका बसवतात ते!"

"अहो," काकू कडाडल्या, "निदान मला विचारायचं तरी!"

बाबा डगमगले नाहीत. "गेल्या जन्मी हे स्त्री होते. तांबी आत्म्याला चिकटून आली!"

"आणि आधीच्या सगळ्यांच्या आत्म्यालाही?" असं म्हणत ताईने पडदा खसकन ओढला.

काका बिचारे एका कोपऱ्यात उभे होते. पडद्याला टेकवलेल्या लाकडी खोक्यात बल्ब होता आणि त्याच्यासमोर दोरीने सरकणाऱ्या दोन जुन्या एक्स-रे फिल्म. एक वाकड्या कण्याची, दुसरी सरळ. दोन्ही परक्या माणसांच्या. बाबा "समाधी लागतेय" असं पुटपुटत मागच्या जिन्याने पसार झाले.

मावशी मुकाट्याने इस्पितळात आली. एक्स-रेत पाठीचा एक मणका पुढून चेपलेला दिसला. हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये हाडं फार विरळ निघाली.

"उंची घटली ती यामुळेच," ताई म्हणाली. "शेजारचे मणकेही कधीही मोडू शकतात. त्या चेल्यांनी हलवलं असतं तर..."

मावशीचा हात आपसूक पाठीवर गेला. "आता फोटो काढलास ना? बरी होईन?"

"फोटोनं कुणी बरं होत नाही, मावशी. धोका किती ते कळतं. बरं करायला औषध आहे, व्यायाम आहे, आणि वेळ लागेल."

"वेळ लागतो म्हणतेस," मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे तू खरं बोलतेयस."

तेव्हा मंडळी, कुणी फुंकर मारून तुमची हाडं दाखवली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ही माझीच कशावरून?